तिसरी ‘ब’मधली माझी पंधरा मिनिटं

माणूस पारखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं तीन महिन्यांपूर्वीपर्यंत माझं ठाम मत होतं!

सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी सोळा वर्षं कापड तपासतोय. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापड सरसर पळतंय आणि मी एका हातात चहाचा कप धरून ओरडतो, “थांबव! डाग!” कापड थांबतं. डाग असतोच! आमचे शेठ म्हणतात, “योगराजभाई, तमारी आंख छे के एक्स-रे?”

तर माझ्या लेकीसाठी चांगली शिक्षिका शोधायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, “जयश्री, आठ दिवस दे. सुरतेतली सगळ्यात चांगली बाई आणून दाखवतो!”

“आणू नका,” जयश्री साडीला लेस लावता लावता म्हणाली. “बाई शाळेतच राहू द्या. आपली पोर तिच्यापर्यंत पोचली की पुरे.”

आमची पोर म्हणजे गायत्री. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी. तीन वर्षांची असताना ती दुकानांवरच्या गुजराती पाट्या वाचायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, सगळीच पोरं वाचत असतील. पहिलंच मूल, आम्हाला काय अनुभव! पाचव्या वर्षी तिनं माझ्या आईला, म्हणजे उषाबाईंना विचारलं, “आजी, शून्य सम की विषम?” आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि अहिराणीत मला विचारलं, “हाई पोर शे का वकील?” भाकरी जळली. प्रश्न मात्र राहिला.

इथवर सगळी मजाच होती. दिवाळीनंतर मात्र गायत्रीचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी पावणेसातला. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं! शाळेची व्हॅन निघून गेली की सव्वासातला पोट बरं. रविवारी दुखायचंच नाही. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी भेस्तानच्या डॉक्टर प्रशांतभाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, आणि ते औषध लिहिणार एवढ्यात गायत्री म्हणाली, “डॉक्टरकाका, तुमच्या तक्त्यात लिहिलंय, बाळाची हाडं मोठ्या माणसापेक्षा जास्त. मग उरलेली कुठे जातात?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अर्धा तास बाहेरचे पेशंट खोकत राहिले आणि आत हे दोघं हाडांवर बोलत राहिले. मग त्यांनी तिला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे चाचणीला पाठवलं. निकाल आला तेव्हा डॉक्टर आम्हाला समोर बसवून म्हणाले, “पोट उत्तम आहे. पोरगी वयाच्या चार-पाच वर्षं पुढे आहे आणि वर्गात एकटी पडलीय. शाळेची इमारत बघू नका, वर्गातली माणसं बघा. प्रश्नाला न घाबरणारी बाई शोधा.”

खरं तर पेढे वाटायची बातमी! पण मला आनंद झाला तो दवाखान्याच्या जिन्यापर्यंतच. भर बाजारात कुणीतरी पातळ काचेचं झुंबर हातात द्यावं आणि “जरा धरा, आलोच” म्हणून गायब व्हावं, तशी माझी अवस्था झाली. मी बारावी नापास. जयश्री बारावी पास, पण तिलाही झुंबरांचा अनुभव नाही. हातातून पडलं तर?

त्याच आठवड्यात गणिताचा पेपर आला. पंचवीसपैकी अकरा!

मी ओरडणार होतो, पण जयश्रीनं पेपर हातातून काढून घेतला. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “अहो, चौदा उत्तरं चुकलीत. आणि चौदाच्या चौदा नेमकी एकानं कमी आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिला सगळी येत होती.”

गायत्रीला विचारलं तर ती फक्त “चुकलं” म्हणाली आणि पाय हलवत बसली. पोटदुखीपेक्षा मला त्या हलणाऱ्या पायांची जास्त भीती वाटली. वर्गशिक्षिकेला भेटलो. एकसष्ट पोरं सांभाळून त्या बाईंचा घसा बसला होता. म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण क्लास पुढे जाऊ देत नाही. म्हणून मागच्या बेंचवर बसवलीय.” मला राग येईना. एकसष्ट पोरं आणि एक घसा! मी असतो तर दुसऱ्या दिवशी गावी पळालो असतो.

मिलमध्ये हा विषय निघाला, तेव्हा माझा दोस्त ललित म्हणाला, “अरे, पर्वत पाटियाजवळ एक शाळा आहे. तिथले टीचर फार चांगले, असं ऐकलंय. गेटवर बोर्डच लावलाय. शनिवारी सकाळी दहाला टीचर आहेत, असं काहीतरी लिहिलंय.”

“टीचरना भेटता येतं?”

“तसंच लिहिलंय. ‘टीचर छे.’”

इथं सांगून ठेवतो, ललित शिरपूरहून येऊन सहाच महिने झालेत. गुजराती अक्षरं तो रांगेत उभ्या माणसांसारखी मोजतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही!

शनिवारी मी लग्नातला शर्ट काढला, पेपर आणि चाचणीचा निकाल फाइलमध्ये घातला आणि गायत्रीला घेऊन निघालो. जयश्री म्हणाली, “मी येऊ?”

“तू कशाला? तपासणीचं काम आहे. माझ्यावर सोड.”

“बरं. पण शांतपणे बोला. आणि बाईंना उजेडासमोर धरून बघू नका.”

शाळेच्या गेटवर मगन नावाचा वॉचमन होता. त्याच्या पाठीमागे बोर्ड होता, पण मगन असा ऐसपैस की बोर्डाची दोन्ही टोकं तेवढी दिसत होती.

“शुं काम छे?”

“टीचर माटे आव्यो छुं,” मी रुबाबात सांगितलं. म्हणजे, टीचरसाठी आलोय. खोटं काय त्यात?

“पहिला माळा. डाव्या हाताला बसा.”

वर बाकावर चार-पाच जण बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल! मला धीर आला. सुरतेत इतकी हुशार पोरं आहेत तर! आपण एकटे नाही. माझ्या शेजारी विशीतली एक मुलगी होती. नाव अश्विनी, मूळची अकोल्याची. मराठी ऐकून तीही खुलली.

“तुमची किती वर्षं झाली?” तिनं विचारलं.

“आठ पूर्ण. नववं चालू आहे.”

“बापरे! माझी दोनच झालीत.”

दोन! दोन वर्षांच्या लेकराला आत्तापासून घेऊन फिरते! माझ्या मनात तिच्याविषयी आदर दाटून आला.

“विषय कोणता?” ती म्हणाली.

“गणित जास्त. पण तसं सगळंच. झोपेतसुद्धा बडबड चालू असते!”

तिनं माझ्याकडे जरा बिचकून बघितलं आणि फाइल छातीशी धरली.

मला आत बोलावलं. गायत्रीला मी बाकावरच बसवलं. मुख्याध्यापिका वर्षाबेन टेबलामागे होत्या. सोनेरी चष्मा, समोर कागद, हातात पेन. आमचं बोलणं गुजरातीत झालं. मराठीत सांगतो, कारण माझ्या गुजरातीत ते आणखी वाईट होतं.

“आत्ताची शाळा का सोडताय?”

“तिथे प्रश्न विचारलेले चालत नाहीत, बेन. विचारलं की मागे बसवतात.”

“अरेरे! स्टाफला असं वागवतात?”

“स्टाफच असं वागतो!”

वर्षाबेननी काहीतरी लिहून घेतलं. “तब्येत वगैरे ठीक?”

“तेच तर! रोज सकाळी पावणेसातला पोट दुखतं. शाळेचं नाव काढलं की सुरू.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं ना. म्हणाले, पोटात काही नाही. वर्गात एकटं पडल्यामुळे होतंय.”

वर्षाबेननी चष्मा काढला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी मनात म्हटलं, काय हळवी बाई आहे! इथे पोर सुखात राहील.

“मुलांवर कधी ओरडता का?”

“मी? कधीच नाही!”

“छान. मग एक डेमो होऊन जाऊ दे. तिसरी ‘ब’, पंधरा मिनिटं.”

मी खूश! बाकीच्या शाळा पालकांना वर्गाच्या खिडकीतून डोकावू देत नाहीत आणि इथे डेमो दाखवतात! मी विचारलं, “माझी मुलगी बाहेर आहे. तीही बसली तर चालेल?”

“मुलगी बरोबर आणलीय?” वर्षाबेन म्हणाल्या. “बसू दे, बसू दे. तुम्हालाही आधार वाटेल.”

तिसरी ‘ब’चं दार उघडलं आणि सेहेचाळीस पोरं धडाड् उभी राहिली. “गु-ड मॉ-र्निं-ग स-र!”

फळ्याजवळ एक उंच, करड्या केसांच्या बाई होत्या. त्या लीलाबेन. त्यांनी हसून माझ्या हातात खडू दिला. मला वाटलं, पाहुण्याचा मान असेल. आपल्याकडे नारळ देतात, इथे खडू! मी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत द्यायला गेलो, तर लीलाबेन पार शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी वर्षाबेन. दोघींच्या हातात वही. गायत्री तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांच्या एका मुलीशेजारी टेकली होती. आणि फळ्याजवळ उरलो होतो फक्त मी.

“चालू करा, सर,” लीलाबेन मागून म्हणाल्या. “अपूर्णांक चाललेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकावरच्या फाइली. अश्विनीची दोन वर्षं. पाण्याचा ग्लास. एकेक करत सगळं पोटात उतरलं आणि खरं सांगतो, पावणेसातचं दुखणं काय असतं ते मला अकरा वाजता कळलं!

तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं ना, चूक झाली म्हणून! पण मला वाटलं, आत्ता तोंड उघडलं तर या म्हणतील, ज्याच्या बापाला एवढं कळत नाही, त्याची पोर कसली हुशार? प्रवेश गेला! शिवाय सेहेचाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्यात माझीही होती आणि तिच्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं की खरं सांगायचं धाडस होईना. पंधरा मिनिटं! कापडावर काहीही बोलेन.

“मुलांनो,” मी हिंदीत सुरुवात केली, “साडी किती मीटरची असते?”

“साडेपाच!” सुरतेची पोरं! झोपेतून उठवलं तरी सांगतील.

“शाब्बास! तिचे दोन सारखे भाग केले तर?”

“पावणेतीन!”

मी फळ्यावर साडी काढली. पदर काढला, काठ काढला, काठावर मोरही काढला. चार मिनिटं इतकी झकास गेली की मला वाटलं, मिल सोडावी आणि हेच करावं. मग मी म्हणालो, “आता पावणेतीनचं अर्धं...” आणि थांबलो. पावणेतीनचं अर्धं मिलमध्ये कधी कुणी करत नाही! सव्वा? नाही, दीड? मी फळ्याकडे तोंड करून मोराला आणखी पिसं काढायला लागलो.

“सर, साडी कापायची कशाला?” पहिल्या बाकावरून एक पोरगा ओरडला. “फॉल्टी होती का?”

“सर, पहिलं कापल्यावरच मम्मी मारेल!”

“सर, मोर कापला गेला!”

वर्गात हशा उठला. मागे वह्यांमध्ये काहीतरी लिहिलं जात होतं. माझा लग्नातला शर्ट पाठीला चिकटला. आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावर एक हात वर गेला. सरळ, ताठ, उत्सुक. कित्येक महिन्यांत मी तो हात तसा वर गेलेला बघितला नव्हता.

“अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, असं करतच राहिलो,” गायत्रीनं विचारलं, “तर साडी संपेल का कधी?”

मला उत्तर माहीत नव्हतं. प्रश्नसुद्धा धड कळला नव्हता. एवढंच कळलं की आपण आता उघडे पडणार.

“खाली बस!” मी ओरडलो. “नको ते प्रश्न विचारायचे नाहीत! वर्ग पुढे जाऊ दे!”

हशा बंद झाला. हात खाली आला. गायत्री रडली नाही. तिनं फक्त पोटावर हात ठेवला आणि ती पाय हलवायला लागली.

वाचकहो, ते पाय मी जन्मात विसरणार नाही. खडू हातात तुटला.

मागून लीलाबेन उठल्या. शांतपणे चालत पुढे आल्या, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याची एक लांब पट्टी फाडली. मग गायत्रीच्या बाकापाशी जाऊन म्हणाल्या, “मला नाही माहीत संपेल की नाही. बघायचं का?”

गायत्रीनं मान वर केली. “तुम्हाला माहीत नाही?”

“अजिबात नाही. ही घे. अर्धी कर.”

तिनं पट्टी अर्धी केली. मग त्याचं अर्धं. शेजारच्या दोन वेण्या पुढे वाकल्या. मग पहिला बाक उठून आला, मग दुसरा. पट्टी करंगळीएवढी झाली, नखाएवढी झाली, तिळाएवढी झाली.

“आता फाटत नाही,” गायत्री म्हणाली.

“म्हणजे संपली?” लीलाबेननी विचारलं.

“नाही! माझी बोटं मोठी आहेत म्हणून फाटत नाही!”

“मुंगीला फाडता येईल!” मघाचा मोरवाला पोरगा ओरडला.

“मुंगीच्या पिल्लाला!”

सेहेचाळीस पोरं एका तिळाएवढ्या कागदावर ओणवी झाली होती. मधोमध माझी पोर होती आणि ती मोठ्यानं बोलत होती. मी फळ्याजवळ उभा होतो आणि माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. बरंच झालं, कारण माझे डोळे भरून आले होते.

ऑफिसात मी सगळं कबूल केलं. फाइल उघडली, पेपर दाखवला, चाचणीचा निकाल दाखवला. वर्षाबेन आधी गोंधळल्या, मग त्यांनी पुन्हा विचारलं, “म्हणजे पोट... तुमचं नाही?”

“नाही हो! तिचं!”

त्या इतक्या हसल्या की चष्मा टेबलाखाली गेला. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलेलं मला दाखवलं: ‘माणूस प्रामाणिक. तब्येत नाजूक. मोर चांगला काढतो.’

मग त्या गंभीर झाल्या. प्रवेशाला जागा एक होती, पण निर्णय लीलाबेनचा, वर्ग त्यांचा. लीलाबेन आल्या. त्यांनी चौदा चुकांचा पेपर नीट बघितला आणि कपाळाला आठी घातली.

“योगराजभाई, मला सगळं येत नाही,” त्या म्हणाल्या. “ही पोरगी मला रोज अडवणार.”

“मग?” मी विचारलं.

“मग मी रोज अडकेन. सोमवारी पाठवा.”

मुलाखती चालल्या होत्या ती मदतनीस टीचरची जागा लीलाबेननीच शाळेच्या मागे लागून मंजूर करून घेतली होती. सेहेचाळीस पोरांत जी पुढे पळतात आणि जी मागे राहतात, त्यांच्याजवळ बसायला दुसरं माणूस हवंच, असं त्यांचं म्हणणं. ती जागा अश्विनीला मिळाली. तिच्या दोन वर्षांच्या अनुभवाला मी लेकरू समजलो होतो, हे ती अजून स्टाफरूममध्ये सांगते. त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो तेव्हा मगन चहाला गेला होता. बोर्ड पूर्ण दिसला: ‘टीचर जोईए छे.’ टीचर पाहिजेत! ललितनं मधला शब्द सोडला होता. सोडला म्हणजे, तो मगनच्या पाठीमागे होता.

पाटियाच्या चौकात रसाच्या गाडीपाशी मी मोटरसायकल थांबवली. ग्लास गायत्रीच्या हातात दिला आणि म्हणालो, “बेटा, चुकलं माझं. मी ओरडायला नको होतं.”

तिनं एक घोट घेतला. “पप्पा, तुम्ही घाबरला होतात ना?”

“हो. खूप.”

“आमच्या जुन्या मॅडमपण घाबरायच्या. मी हात वर केला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. सगळी पोरं त्यांना हसायची.” ती ग्लासातल्या फेसाकडे बघत होती. “म्हणून मी चुकीचं लिहायला लागले.”

रसवाल्याचा घुंगरू खळखळत राहिला. आठ वर्षांची पोर मोठ्या माणसांची लाज झाकत होती आणि आम्ही तिला ओवा खायला घालत होतो!

घरी सगळं ऐकून जयश्री स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाली एवढंच, “मोर काढलात? साडी शिकवताना?” आईचा प्रश्न वेगळाच होता. “मंग, तुले नोकरी लागनी का नही?”

आता तीन महिने झाले. पोट पहिल्या आठवड्यात दोनदा दुखलं, नंतर एकदा. काळजी गेलीय असं म्हणणार नाही. पावणेसात वाजले की मी अजूनही दाढी अर्धी सोडून तिच्या तोंडाकडे बघतो.

पण खरी आफत वेगळीच आहे. परवा रविवारी भाजी घ्यायला गायत्रीसोबत बाजारात गेलो. हातात वांगी, संध्याकाळचे सहा, चारी बाजूंना ओळखीची माणसं, आणि कुठूनतरी खणखणीत आवाज आला, “गुड मॉर्निंग सर!”

तिसरी ‘ब’मधला तोच मोरवाला पोरगा! शेजारी त्याची आई. तिनं अदबीनं नमस्कार केला. “सर, हा तुमची फार आठवण काढतो. गणितात कच्चा आहे. तुम्ही ट्यूशन घेता का?”

मी वांगी खाली ठेवली. सांगावं तरी काय? आधारासाठी गायत्रीकडे बघितलं.

“काकी, तुम्ही लीलाबेनना विचारा,” ती अगदी मनापासून म्हणाली. “पप्पांचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत. मीच त्यांना दर रविवारी शिकवते.”

भाजीवाला हसला. ती बाई हसली. पोरगा तर वांग्यांवर लोळला!

काय करणार? खरं आहे ते. बाकी, शिकवते बरी हो. मी एकच गणित चार-चारदा चुकतो, पण अजून एकदाही ओरडली नाही.